जहाज खाली ठेवायचं कसं

चौकट १ (आडवी, पूर्ण रुंदीची)

जग बुडालं नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, नाहीतर तुम्ही हे वाचत नसता. तेव्हा त्यावरून तुमचा जीव टांगणीला लावण्यात अर्थ नाही. तुम्हाला ठाऊक नाही ते सॅव्हीचं. सॅव्ही म्हणजे माझा धाकटा भाऊ सावेरिओ. वय वीस, कान बशीच्या कडेसारखे बाहेर आलेले, आणि १९६२ च्या ऑक्टोबरात अमेरिकन नौदलाच्या एका युद्धनौकेवर खलाशी.

मी फिलोमेना टेडेस्को. कॉमिकमधल्या माणसांच्या तोंडून जे पांढरे फुगे निघतात, त्यांच्यातली अक्षरं मी लिहिते. वाचकांच्या पत्रांना उत्तरंही मीच देते, खाली सही 'फिल'. त्यामुळे निम्मा देश मला पुरुष समजतो आणि 'प्रिय फिलसाहेब' असं लिहितो. एका चौकटीत पस्तीस शब्दांच्या वर गेलं की चित्रातल्या माणसाचं डोकं झाकलं जातं, असा आमचा हिशोब. इथे चित्र नाही, म्हणून जरा सैल सुटले आहे.

चौकट २

*[चित्र : ब्रुकलिनमधलं स्वयंपाकघर. टीव्ही फ्रिजवर ठेवलेला. इस्त्री करता करता थांबलेली बाई.]*

सोमवार, संध्याकाळी सात. अध्यक्ष बोलत होते. क्यूबात रशियाची क्षेपणास्त्रं सापडली आहेत, तिकडे निघालेली जहाजं आपलं नौदल समुद्रातच अडवणार आहे. रशियाची जहाजं तर वाटेतच होती.

"म्हणजे सॅव्ही कुठे उभा राहणार?" मानं, म्हणजे आमच्या आईनं, विचारलं.

"रेषेवर, मा. समुद्रात एक रेषा ठरवली आहे. त्यांनी ती ओलांडायची नाही."

"समुद्रावर रेषा? कोणी मारली?"

मी दिवसभर पट्टीनं रेषाच मारते. कागदावर मारलेली रेषा ओल्या बोटानं पुसली जाते, हे मला माहीत होतं. मी तिला ते सांगितलं नाही. तेवढ्यात इस्त्रीखालून जळका वास आला. सॅव्हीचा शर्ट. मानं तो उचलला, छातीवरचा तपकिरी त्रिकोण बघितला आणि तसाच घडी करून कपाटात ठेवला. "येईल तेव्हा घालेल," म्हणाली.

चौकट ३

मंगळवार. ऑफिस. सहावा मजला, लिफ्ट बंद.

आमचे संपादक मेन्डल ग्रॉस, सगळे मेन्डी म्हणतात, मुखपृष्ठाचा छापील नमुना घेऊन माझ्या टेबलाशी आले. आमच्या धंद्यात मुखपृष्ठ आधी होतं. जे चित्र बघून लोक नाणं काढतील ते आधी काढायचं, रंगवायचं, छापून टाकायचं. आतली गोष्ट मागाहून त्याच्या मापानं शिवायची. हे मुखपृष्ठ ऑक्टोबरच्या सुरुवातीला छापून झालं होतं. आमचा नायक टोटल-मॅन समुद्रात कमरेपर्यंत उभा. दोन्ही हातांनी डोक्यावर एक शत्रूचं मालवाहू जहाज उचललेलं. खाली पिवळ्या अक्षरांत, माझ्याच हातची ओळ : "या वेळी तो थांबणार नाही!"

"दोन आठवड्यांपूर्वी हे फक्त जहाज होतं," मेन्डी म्हणाले. "आज बघ. मी काय भविष्यवेत्ता आहे का? असतो तर घोड्यांवर लावले असते."

"बदलता येणार नाही?"

"पोरी, दोन लाख प्रती छापून पडल्यात."

गोष्ट अशी होती : अठराव्या पानावर टोटल-मॅन जहाज उचलतो. एकोणिसाव्यावर ते सूर्याकडे भिरकावतो. विसाव्यावर सगळे टाळ्या वाजवतात. अठरापर्यंतची पानं पेन्सिलीत तयार होती. शनिवारी पाच वाजता छापखान्याचा ट्रक येणार होता.

चौकट ४ (छोटी, टोटल-मॅनविषयी)

टोटल-मॅनला सगळं येतं. उडता येतं, भिंतीपलीकडचं दिसतं, डोंगर हलवता येतो. म्हणूनच त्याच्यावर गोष्ट लिहिणं म्हणजे शिक्षा. पहिल्याच चौकटीत सगळं मिटवू शकणाऱ्या माणसाला वीस पानं काय करायला लावणार? तेव्हा मेन्डींचं दर महिन्याचं खरं काम एकच : त्याला काही करता येऊ नये याची सोय लावणं. मागे त्याला सर्दी झाली होती. एकदा स्मृती गेली. एकदा त्यानं एका म्हातारीला वचन दिलं. सलग तीन अंक तो एका लग्नात अडकला.

"महाशक्ती म्हणजे काय ठाऊक आहे?" मेन्डी एकदा म्हणाले होते. "हात बांधून ठेवायला दर महिन्याला नवी दोरी शोधावी लागते, ती."

चौकट ५

बुधवार. सकाळी दहापासून समुद्रातली रेषा लागू झाली. रेडिओ सगळ्या मजल्यांवर चालू होते, जिन्यात सहा वेगवेगळे आवाज एकच बातमी सांगत होते.

अठरावं पान माझ्या टेबलावर आलं. पान म्हणजे छापील आकाराच्या दुप्पट, जेवणाच्या मोठ्या ट्रेएवढं, जाड कागदाचं. चित्र ओस्ताप ह्रिन्को यांचं. वय पंचावन्न, मूळचे युक्रेनचे, तरुणपणी मालवाहू जहाजांवर भट्टीत कोळसा टाकायचे. जहाज त्यांच्यासारखं कोणी काढत नाही.

जहाजाच्या कठड्याला माणसं होती. मी मोजली. एकेचाळीस. आणि प्रत्येकाला चेहरा होता. एकाला मिशा, एकाचा दात पडलेला, एक आचारी हातात सुपाचा टोप सावरत.

प्रत्येक चेहऱ्यावर मेन्डींनी निळ्या पेन्सिलीनं फुली मारली होती.

आमच्याकडे फुलीचा अर्थ 'इथे काळं भरा'. निळी पेन्सिल छापण्याच्या कॅमेऱ्याला दिसत नाही, म्हणून ती पुसायचीही गरज नसते. काळं भरणं हे हलकं काम, ज्याचा हात रिकामा असेल त्यानं करायचं. त्या दिवशी माझा रिकामा होता.

मी टाक बाजूला ठेवून ब्रश घेतला. शाईत बुडवला. डावीकडून सुरुवात केली. पहिला, दुसरा, तिसरा माणूस काळा झाला. सावल्या झाल्या. बरं दिसत होतं.

चौथ्याचे कान बशीच्या कडेसारखे बाहेर आलेले होते.

चौकट ६

*[या चौकटीत काही नाही. ब्रशच्या टोकावर शाईचा थेंब. तो पडत नाही.]*

चौकट ७

"ओस्ताप, हा कोण?"

चष्मा कपाळावर ढकलून ते वाकले. "खलाशी."

"हा माझा भाऊ आहे."

त्यांनी माझ्या टेबलाकडे बघितलं. दिव्याच्या दांड्याला सॅव्हीचा गणवेशातला फोटो चिकटवलेला होता. ओस्ताप येता-जाता माझ्याकडचा खोडरबर उचलून नेतात. फोटो रोज त्यांच्या डोळ्यांसमोर.

"अरे देवा," ते म्हणाले. "तोच आहे. माझ्याकडे रशियन खलाशाचा फोटो नव्हता गं. तरुण खलाशी काढायचा म्हटल्यावर हाताला हाच आठवला असणार."

"तो आपल्या बाजूचा आहे!"

"कान कुठल्या बाजूचे ते मी नाही बघत. कान चांगले होते."

मी हसले की रडले, आता आठवत नाही. मेन्डी आवाज ऐकून केबिनमधून बाहेर आले. ब्रश हातात तसाच बघून म्हणाले, "काय झालं? भर ना."

"मी याच्यावर काळं भरणार नाही."

"एकाला सोड, बाकीचे भर."

"मग हा एकटाच उरतो. चाळीस सावल्या आणि एक सॅव्ही. आणि एकोणिसाव्या पानावर ते जहाज सूर्यात जातं."

मेन्डींनी पान उचलून उजेडात धरलं. धंद्यातला सगळ्यात जुना नियम त्यांनीच मला पहिल्या दिवशी शिकवला होता : सावली मेली तर चालते. चेहरा काढला की त्याला वाचवावं लागतं. पहिली पत्रं चेहऱ्यांवरूनच येतात. 'प्रिय फिलसाहेब, बाराव्या पानावरच्या त्या चष्मेवाल्याचं पुढे काय झालं?' सावलीची चौकशी आजवर एकानंही केलेली नाही.

"ओस्ताप," मेन्डी वळले, "तुला किती वेळा सांगितलंय, शत्रूच्या जहाजावर चेहरे काढू नकोस म्हणून! तिकडे तुझं कोणी ओळखीचं आहे का?"

"त्याचा काय संबंध? जहाज आहे, माणसं असणारच. मी काय रिकामं जहाज काढू? रिकामं जहाज सरळ चालत नाही."

चौकट ८

मी काळ्या केलेल्या तिघांवर पांढरा रंग चढवला आणि ओस्ताप यांनी त्यांना परत चेहरे दिले. आधीचे नाहीत, नवे. एकाला त्यांनी माझं नाक दिलं, गंमत म्हणून.

आता एकेचाळीस माणसं टोटल-मॅनच्या डोक्यावर लटकलेली. फेकता येत नाही. मुखपृष्ठ छापलेलं, म्हणजे उचललं नाही असं म्हणता येत नाही. गुपचूप खाली ठेवावं, तर शत्रूचा कप्तान खदाखदा हसणार आणि टोटल-मॅन हरला असं दिसणार. हरलेला टोटल-मॅन कोण विकत घेणार?

"उचलताना कोणी विचार केला नाही," ओस्ताप म्हणाले.

"उचलायला विचार कशाला लागतो?" मेन्डी ओरडले. "त्याला सगळं उचलता येतं! तीच तर अडचण आहे!"

खालच्या मजल्यावरचा रेडिओ सांगत होता की दोन्ही महासत्तांनी आपापली विमानं सज्ज ठेवली आहेत. मेन्डींनी खिडकी लावून घेतली.

चौकट ९ (पांढऱ्या रंगानं झाकलेली, खाली काय होतं ते सांगते)

गुरुवार, शुक्रवार. एकोणिसाव्यावर टोटल-मॅन जहाज नुसतं धरून उभा राहिला; विसावं पान आम्ही लिहायचो आणि झाकायचो. कागदावर रंगाचा इतका थर चढला की तो भिंतीसारखा वाटायला लागला.

टोटल-मॅन जहाज वाळवंटात नेऊन ठेवतो. ("खलाशी तिथे काय करणार, उंट हाकणार?" असं ओस्ताप.)

सगळं स्वप्न होतं. ("मागच्या अंकात स्वप्नच होतं.")

कप्तानाला अचानक पश्चात्ताप होतो. हे मेन्डींनी स्वतः लिहिलं, मोठ्यानं वाचलं आणि स्वतःच चुरगळलं. मग शत्रूचा कप्तान खरं तर यंत्रमानव निघतो, पण बाकीचे एकेचाळीस नाहीत, म्हणून तेही गेलं.

"धरून ठेवू दे," शुक्रवारी संध्याकाळी ओस्ताप म्हणाले. "पुढच्या अंकातही धरून. सध्या सगळे तेच करतायत."

कोणी हसलं नाही. मेन्डींच्या बायकोनं व्हरमाँटला भावाकडे जायचं म्हणून गाडी भरून ठेवली होती, तिचे दिवसातून चार फोन येत होते. दर वेळी ते म्हणायचे, "शनिवारी पाचनंतर, गोल्डी. पाचला ट्रक आहे." जणू ट्रक गेल्याशिवाय बॉम्ब पडूच शकत नाही.

चौकट १०

शनिवार सकाळ. मानं दाराशीच अडवलं. युद्ध झालंच तर असू देत म्हणून तिनं ट्यूना माशाचे सव्वीस डबे आणले होते.

"कामाला जाऊ नकोस."

"जावं लागेल, मा. एक जहाज खाली ठेवायचंय."

"कसलं जहाज?"

मी कोट चढवता चढवता सांगितलं : एकानं उचललंय, फेकता येत नाही, ठेवलं तर नाक कापलं जातं. सॅव्हीच्या कानांचं सांगितलं नाही.

मा डबे रचत होती. "ब्रेननबाईसारखं," ती म्हणाली.

ब्रेननबाई आमच्या समोरच्या इमारतीत राहतात. दोन खिडक्यांच्या मध्ये एकच कपडे वाळत घालायची दोरी, दोन्ही टोकांना कप्पी. तीन वर्षांपूर्वी दोघींनी एकाच सकाळी ती भरली, आणि मग आधी कोणी कपडे काढायचे यावरून पेटलं. सहा दिवस. मानं सहा दिवस एकच झगा घातला. ब्रेननबाईंचे सासरे खिडकीत गोधडी पांघरून बसलेले दिसायचे. शेवटी खालचा रखवालदार शिडी घेऊन आला आणि त्यानं दोरी कापली. दोघींचे कपडे खाली अंगणात. मग तो दोन्ही घरी जाऊन सांगून आला की दोरी कुजलेली होती, आपोआप तुटली.

"कुजलेलीच होती," मा म्हणाली.

"मा, तू खिडकीतून बघत होतीस. त्याच्या हातात कात्री होती."

"मी काय बघितलं ते ब्रेननबाईंना कशाला कळायला हवं? दोरी कुजलेली होती. त्याही तेच सांगतात. ईस्टरला त्यांनी केक पाठवला नव्हता?"

मी तिच्या कपाळाचा मुका घेतला आणि ऑफिसचे सहा मजले एका दमात चढले.

चौकट ११

दुपारी बातमी आली की क्यूबावर आपलं एक विमान पाडलं गेलं. वैमानिक गेला. त्या विमानातल्या माणसालाही चेहरा असणार, एवढंच माझ्या मनात आलं, आणि मी टाक शाईत बुडवला, कारण हातांना काहीतरी करायला हवं होतं.

विसावं पान. ओस्ताप काढत होते, त्यांच्या पेन्सिलीमागून मी फुगे लिहीत होते. एरवी पेन्सिल आणि अक्षरं यांच्यात दोन दिवसांचं अंतर असतं; त्या दिवशी आमची कोपरं एकमेकांना लागत होती.

*[चित्र : टोटल-मॅन जहाजाचं तोंड घराकडे वळवतो आणि ते पाण्यावर ठेवतो. इतकं अलगद, की आचाऱ्याच्या टोपातलं सूप हिंदकळत नाही.]*

कप्तान : "आम्ही तुला घाबरून परत जात नाही!"

टोटल-मॅन : "मुळीच नाही! तुमच्या इंजिनात बिघाड झालाय!"

कप्तान (लहान फुग्यात) : "...कुठला बिघाड?"

टोटल-मॅन : "तो तुम्ही ठरवा!"

*[चित्र : आपला नौदल अधिकारी, हातात जहाजाची नोंदवही.]*

अधिकारी : "आणि मी काय लिहू? तू त्यांना सोडून दिलंस असं?"

टोटल-मॅन : "धुकं होतं असं लिहा!"

मेन्डींनी मागे उभं राहून वाचलं. दोनदा. त्यांच्या सिगारेटची राख माझ्या खांद्यावर पडली.

"मुखपृष्ठावर लिहिलंय, तो थांबणार नाही. आणि आत हा जहाज ठेवतो आणि थापा मारतो. वाचक आपल्याला शिव्या देतील, फिल. डिसेंबरभर पत्रं येतील."

"शिव्या द्यायला डिसेंबरात वाचक असतील, मेन्डी."

त्यांनी सिगारेट विझवली. मग बाजूची खुर्ची ओढून बसले, बाह्या वर केल्या, आणि समुद्रातल्या लाटांमध्ये स्वतः काळं भरायला लागले. सात वर्षांत मी त्यांना ब्रश धरताना पाहिलं नव्हतं. चांगला हात होता त्यांचा.

पाचला दहा मिनिटं कमी असताना ट्रकवाला वर आला. "लिफ्ट कधी दुरुस्त करणार?" त्यानं विचारलं. त्या दिवशी कोणाच्या तोंडून 'कधी' हा शब्द ऐकणं फार बरं वाटलं.

मेन्डी टोपी घालून निघाले. जिन्यातून त्यांचा आवाज आला : "सोमवारी नऊला! उशीर नको!"

चौकट १२ (उंच, खिडकीच्या आकाराची)

रविवार. आदल्या रात्री आमच्याकडे घड्याळं हिवाळ्यासाठी तासभर मागे गेली होती. मा हे दर वर्षी विसरते, त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरात दहा वाजले होते आणि बाहेर नऊ. चुलीवर टोमॅटोचा रस्सा रटरटत होता. मानं चार माणसांचे मीटबॉल केले होते, घरात आम्ही दोघी.

रेडिओवर संगीत मध्येच थांबलं. मॉस्कोनं जाहीर केलंय की क्षेपणास्त्रं काढून परत नेणार.

"म्हणजे काय?" मा.

"म्हणजे खाली ठेवलं."

"कोणी?"

"दोघांनी, मा. दोघांनी."

समोरच्या खिडकीत ब्रेननबाई दिसल्या, केसांना पिना, तोंडावर हात. त्यांनी मग हात हलवला. मानंही हलवला, हातात डाव होता तो विसरून, आणि रस्सा भिंतीवर, पडद्यावर, येशूच्या तसबिरीवर उडाला. मा ते पुसायला वाकली आणि तिथेच जमिनीवर बसली. मी तिच्याशेजारी बसले. रस्सा लागला. आम्ही दोघी जळका वास घेत बसलो आणि कोणीही उठलं नाही.

"तास जास्तीचा मिळाला," ती घड्याळाकडे बघून म्हणाली, मी सांगितल्यावर. "बघ. वेळेवर मिळाला."

चौकट १३ (अरुंद पट्ट्या, शेजारी शेजारी, सगळ्या सारख्या)

पण सॅव्हीचं पत्र नाही.

रेषा समुद्रात तशीच होती; अजून क्षेपणास्त्रं मोजून परत जायची होती. नोव्हेंबरचा पहिला आठवडा. पोस्टमन. वीज बिल. दुसरा आठवडा. पोस्टमन. माझ्या नावे 'प्रिय फिलसाहेब' अशी चौतीस पत्रं, सगळी जुन्या अंकाबद्दल. मी सगळ्यांना उत्तरं दिली. नीट, लांब उत्तरं दिली.

ट्यूना. ट्यूना. ट्यूना.

चौकट १४

ट्रिंग.

थँक्सगिव्हिंगच्या सणाचा आदला दिवस. ऑपरेटर बाई विचारत होती, नॉरफोकच्या नौदल तळावरून सावेरिओ टेडेस्को यांचा कॉल आहे, पैसे तुम्ही भराल का?

"भरते! भरते!" मा किंचाळली. "सॅव्ही? जेवलास?"

मी तिच्या गालाला गाल लावून ऐकलं.

"मा, मी ठीक आहे. रेषा काल उठवली. ख्रिसमसला सुट्टी मिळतेय."

"काय झालं तिथे? सांग ना! काय केलंत?"

"काही नाही केलं." लाइनवर खरखर आली आणि गेली. "मा, इतका कंटाळा जन्मात आला नव्हता. महिनाभर बटाटे सोलले."

मानं रिसीव्हर छातीशी धरला. मी आतून त्याचा आवाज ऐकत होते, तिच्या स्वेटरमधून, "हॅलो? मा? हॅलो?" आणि त्याच्या कंटाळ्याइतकं सुंदर काही मी तोवर ऐकलं नव्हतं.

चौकट १५ (शेवटची, कडा नाहीत)

ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशीचं जेवण. सॅव्ही छातीवर तपकिरी त्रिकोण असलेला शर्ट घालून बसला होता. टेबलावर बोट ठेवायला जागा नव्हती.

अंक बाजारात येऊन तीन आठवडे झाले होते. मेन्डी म्हणाले होते तसंच झालं. शिव्यांची पोतीच आली. 'हा कसला नायक?' 'माझे बारा सेंट परत करा.' सॅव्हीनं तो गाडीतच वाचला होता.

"फिल, एक चूक आहे. जहाज असं मधोमध धरून उचलता येत नाही. कणा मोडतो त्याचा. ओस्तापकाकांना कळायला हवं होतं."

"पत्र लिही. उत्तर देईन."

"आणि सूप सांडत नाही म्हणे! आमच्याकडे साध्या लाटेत सांडतं." मग त्यानं ब्रेडचा तुकडा मोडला. "ते धुक्याचं कोणी सुचवलं?"

"मानं."

"मी?" मा म्हणाली. "मी काही नाही सुचवलं. दोरी कुजलेली होती."

मी आत जाऊन अठरावं पान आणलं. छापून झालं की मूळ पानं कापून रद्दीत जातात. हे मी मेन्डींकडून मागून घेतलं होतं. त्यांनी ते स्वतः गुंडाळून, दोरा बांधून दिलं.

सॅव्हीनं कठड्यावरून बोट फिरवलं. चौथ्यावर थांबला.

"हा मी आहे."

"तू आहेस."

"मी त्यांच्या जहाजावर काय करतोय?"

"उभा आहेस."

"आणि ही निळी फुली?"

मी सांगितलं, फुली म्हणजे काय. अंकात ती दिसत नाही, पण मूळ कागदावर राहते. त्यानं अंगठ्यानं पुसून बघितली. ती निघत नाही, मीही करून बघितलं होतं.

त्यानं पान जरा दूर धरून परत बघितलं. मग म्हणाला, "एक जहाज आलं होतं आमच्या अगदी जवळ. कठड्याला सगळे उभे. त्यांचेही, आमचेही. कोणी काही करत नव्हतं, नुसतं बघत होते. मी पाठीमागे बटाट्यांपाशी. तर त्यांच्याकडेही एक जण बसलेला, बादली घेऊन, बटाटे सोलत. मी त्याला माझा बटाटा दाखवला. त्यानं त्याचा दाखवला. त्याचा मोठा होता."

"मग?"

"मग ते वळले आणि गेले. कप्तानानं काय नोंदवलं, देव जाणे."

मा मोठं पातेलं घेऊन आली. रस्सा काठापर्यंत भरलेला, चालताना हिंदकळणारा. सॅव्ही दचकून उठला आणि रस्सा लागू नये म्हणून त्यानं पान दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं. तसाच उभा राहिला, कान लाल, डोक्यावर जहाज.

"खाली ठेव ते," मा म्हणाली. "गार होतंय सगळं."

"कुठे ठेवू? जागा कुठेय?"

"थांब." तिनं पातेलं माझ्या हातात दिलं, ब्रेड सरकवला, बाटल्या जमिनीवर ठेवल्या, ब्रेननबाईंचा केक फ्रिजवर चढवला आणि एप्रनच्या कोपऱ्यानं टेबलाचा तेवढा तुकडा कोरडा पुसला.

"हं. आता ठेव."